नाक्यावरच्या मजुराला जाब विचारू नका



व्यासपीठावर येण्याआधी माझ्या हातात एका ठरावाचा मसुदा देण्यात आला. परप्रांतीयांचे लोंढे थांबवा आणि आपल्या धर्मग्रामात त्यांच्यासाठी हिंदी मिस्सा ठेवू नका, अशा दोन मागण्या त्यात आहेत. या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मी तो वाचून दाखवावा, तुम्ही हात वर करावेत, अशी योजना होती. मी तो वाचणार नाही. ज्यांनी तो लिहिला ते समोर पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून जे बोलायचं ते तोंडावर बोलतो.

तुमचा राग खोटा नाही. 2011 च्या जनगणनेतच वसई-विरारची लोकसंख्या 12 लाखांच्या पुढे गेली होती. आज काय स्थिती आहे ते सकाळच्या विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्या कुणालाही विचारा. आपली बावखलं, गोड्या पाण्याची ती तळी, बुजली. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांवर इमारती चढल्या. मिठागरांत भराव पडला आणि 2018 च्या जुलैत पाण्याला जायला वाट उरली नाही तेव्हा ते आपल्या घरात शिरलं. विहिरी खाऱ्या झाल्या, दारात टँकर आले. हे सगळं मी पाहिलं आहे, आणि त्याचा मला तुमच्याइतकाच संताप आहे.

पण मला सांगा, बावखल कुणी बुजवलं? गोरखपूरहून आलेल्या गवंड्याने? त्या जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर होता? खरेदीखतावरच्या सह्या परेरा, लोपीस, डिमेलो यांच्या आहेत. आपल्याच माणसांच्या आहेत. कुणी मुलीच्या लग्नासाठी विकलं, कुणी मुलाला कॅनडाला धाडण्यासाठी विकलं, कुणी भावाभावांच्या वाटणीला कंटाळून विकलं. कुणाची अडचण खरी होती, कुणाची हाव होती. बिल्डरने घेतलं, नगररचनेने शिक्का मारला, पुढाऱ्याने नारळ फोडला. या साखळीत सगळ्यात शेवटी आला तो मजूर. आपण त्याला पहिला धरतो, कारण तोच एक जण आपल्याला उलटून बोलू शकत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समिती घेऊन उभे राहिले, तेव्हा त्यांचं बोट कुणाकडे होतं ते आठवा. सरकारच्या विकास धोरणाकडे, बिल्डरांकडे, टँकरवाल्यांकडे. ज्यांच्या हातात सत्ता आणि पैसा होता, त्यांना त्यांनी अंगावर घेतलं. त्याच दिब्रिटोंना 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, तेव्हा आपण ढोल वाजवले. त्यांचे फोटो लावायचे आणि लढाई मात्र नाक्यावर उभ्या असलेल्या पोटार्थी माणसाशी करायची, हे मी चालू देणार नाही.

आणखी एक बोलतो, मग हवं तर मला उठवा. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सहा मजूर ठेवून दर महिन्याला भाडं मोजून घेणारे घरमालक या मंडपात आहेत. नळ एक, संडास एक, अनामत रक्कम रोख, करार नाही. रविवारी तेच पुढच्या बाकावर बसून ख्रिस्तशरीर स्वीकारतात आणि बाहेर येऊन लोंढ्यांच्या नावाने बोटं मोडतात. 2020 च्या मे महिन्यात टाळेबंदीत श्रमिक गाड्यांसाठी याच वसईच्या मैदानात हजारो माणसं उन्हात बसली होती. त्यांच्यातले किती जण आपल्या खोल्यांमधून निघाले होते, हे ज्याने त्याने आपल्या भाड्याच्या वहीत पाहावं.

आता श्रद्धेचं बोलू. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाच्या वेळी प्रभू जे प्रश्न विचारणार आहे, त्यात परक्याला घरात घेतलं का, हा प्रश्न आहे. त्या परक्याचा जिल्हा, भाषा, रेशनकार्ड यांची चौकशी तिथे नाही. बाळ येशूला घेऊन योसेफ आणि मरिया मिसरात गेले ते परवाना काढून गेले नव्हते. पोप पायस बारावे यांनी 1952 साली स्थलांतरितांच्या आध्यात्मिक सेवेसाठी स्वतंत्र प्रेषितपत्र काढलं आणि त्या माणसांना त्यांच्या भाषेत धर्मगुरू मिळावा याची व्यवस्था लावून दिली. तेव्हा हिंदी मिस्सा नको म्हणणारा ठराव मराठीच्या बाजूचा असेल-नसेल, चर्चच्या शिकवणीच्या तो सरळ विरोधात आहे. ही हिंदी मिस्सा कुणाला हवी आहे? झारखंड-छत्तीसगडहून आलेल्या उरांव आणि खडिया मुलींना. त्या आपल्याच फ्लॅटमध्ये धुणीभांडी करतात, आपल्या म्हाताऱ्यांना उठवतात-बसवतात. त्यांचा बाप्तिस्मा आपल्याइतकाच खरा आहे.

मात्र त्याच चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात, परिच्छेद 2241 मध्ये, दोन्ही बाजू आहेत. सुस्थितीतल्या राष्ट्रांनी आपल्या कुवतीनुसार परक्याला जागा द्यावी, आणि आलेल्याने त्या भूमीचा वारसा कृतज्ञतेने जपावा, तिचे कायदे पाळावेत. तिथे राष्ट्रांचं बोलणं आहे, पण गावालाही ते लागू पडतं. आपले काही फादर व्यासपीठावरून यातला पहिला अर्धाच सांगतात. पाणी, जमीन, शेतकऱ्याचं मरण यावर त्यांच्या प्रवचनात शब्द नसतो. फादर, आतिथ्याचा उपदेश करायचा तर तलाव बुजवणाऱ्याकडून देणगी घेताना एकदा थांबा.

स्थानिक आणि उपरे हा वाद आपल्या कॅथलिकांत जुनाच आहे. 1887 साली मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, ते गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या आपल्याच धर्मबंधूंपासून वेगळं दिसावं म्हणून. सरकारी नोकऱ्यांत मागे पडण्याची भीती त्यामागे होती, आणि ती भीतीही खोटी नव्हती. पुढे काय झालं? सोयरिकी झाल्या. आज तुमच्यापैकी कितीतरी जणांची आजी गोव्याची आहे, मामा मंगळूरचे आहेत.

वसईचा संत गोन्सालो गार्सिया कोण होता? घर सोडून गेलेला पोरगा. तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला परतला. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत त्याला क्रुसावर मारलं. परक्या देशातून आलेला, परका धर्म सांगणारा, म्हणून मारलं. त्याच्या सणाला आपण मांडव घालतो, आणि त्याच्याच जातकुळीच्या, घर सोडून आलेल्या माणसाला वेशीबाहेर ठेवा म्हणतो. आपली पोरं आखातात आहेत, जहाजांवर आहेत, टोरांटोत आहेत. तिथे कुणी त्यांच्याविरुद्ध असा ठराव मांडला तर तुम्ही कोणत्या तोंडाने रडणार?

राहिली मराठी. तिच्यासाठी मी भांडेन, अगदी कडाडून. पण तिला घराबाहेर कुणी काढलं? भय्याने? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषेत उपासना दिली, तेव्हा वसईने मराठीत केवढा संसार मांडला! गीतं रचली, 'सुवार्ता' मासिक घरोघर नेलं, कादोडी बोलीत लिहिणारे उभे राहिले. आता मराठी मिस्साला म्हातारी माणसं आणि इंग्रजी मिस्साला आपलीच नातवंडं. मराठी शाळांचे वर्ग रिकामे होताहेत ते आपण आपली मुलं काढून घेतली म्हणून. विल्टशायरचा एक इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, 1579 साली गोव्यात उतरला आणि 1616 साली 'ख्रिस्तपुराण' छापून मोकळा झाला. जवळजवळ अकरा हजार ओव्या! आलेला माणूस मराठीचा होऊ शकतो, याचा याहून मोठा पुरावा मला नको. त्याला शिकवणारे कुणी तरी होते, हे विसरू नका. आज बलियाहून आलेल्या पोराला मराठी शिकवायला आपल्यातलं कोण बसतं? कानाखाली वाजवून भाषा येत नाही, भीती येते.

तर माझा ठराव ऐका. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आठवड्यातून दोन संध्याकाळी मराठीचा मोफत वर्ग, कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही प्रांताच्या माणसासाठी. हिंदी मिस्सा राहील, पण रविवारची मुख्य मिस्सा मराठीतच, आणि मुलांचं धर्मशिक्षणही मराठीत. ज्या घरमालकाच्या खोल्यांत संडास आणि पाणी नाही, त्याला धर्मग्रामाच्या कोणत्याही समितीवर पद नाही. आणि उरलेली बावखलं कोणत्या सर्व्हे नंबरात आहेत याची यादी करून ती या संमेलनाच्या वतीने महापालिकेला आणि तहसीलदारांना द्यायची. ज्यांनी जुना मसुदा लिहिला त्यांनी आधी आपल्या वाडीतल्या बावखलाची नोंद यात लिहून द्यावी. ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहून, नाव सांगून बोलावं. वेळ आहे, मी इथेच बसलो आहे.