पदवीच्या अलीकडे थांबलेली माणसे



ज्यांनी महाविद्यालयात वर्ष-दोन वर्षे व्याख्याने ऐकली, ग्रंथालयाची गोडी लावून घेतली, आणि मग पित्याच्या निधनामुळे, शुल्काच्या ओढाताणीमुळे किंवा लग्न ठरल्यामुळे ज्यांना पदवीच्या अलीकडेच थांबावे लागले, अशा असंख्य स्त्रीपुरुषांच्या पुढील आयुष्याचा विचार आज मला मांडावयाचा आहे.

हरि नारायण आपटे यांना डेक्कन आणि फर्ग्युसन या दोन्ही महाविद्यालयांत शिकूनही पदवी मिळाली नाही. तथापि इंग्रजी वाङ्मयाचा जो व्यासंग त्यांनी जोडला, त्याच्या बळावर मराठी कादंबरीस नवे वळण लागले. मात्र चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापिलेल्या आनंदाश्रमाचा कारभार त्यांच्या हाती आला होता, आणि पदवीची उणीव घराने भरून काढली होती, हे विसरून चालणार नाही. विनोबा १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले आणि सुरतेस उतरून काशीच्या वाटेस लागले. तो त्याग होता. शुल्काअभावी ज्याचे नाव पटावरून कमी होते, त्याच्यासंबंधी बोलताना हा शब्द उच्चारणे मला क्रूरपणाचे वाटते.

महाविद्यालयात पाऊल टाकणारे बहुधा आधीच थोडे सुस्थित असतात, म्हणून त्यांच्या पुढील उत्कर्षाचे सर्व श्रेय त्या वर्ष-दोन वर्षांस देणे न्याय्य नाही. तरी अर्ज लिहिताना न अडखळणारी भाषा, कचेरीत साहेबापुढे उभे राहण्याचा धीर आणि गावाबाहेरच्या चार माणसांची ओळख, एवढी मिळकत त्या अल्पकाळातही पदरी पडते. आणि ज्या घरात अक्षरओळखच नवी आहे, त्या घरास ती पुष्कळ वाटते. दुःख हे की सरकारी दप्तरात तिची नोंद नाही. तलाठ्याच्या जागेसाठी पदवी लागते. तेथे दोन वर्षे शिकलेला आणि महाविद्यालयाचे तोंडही न पाहिलेला, दोघांचेही अर्ज सारखेच नामंजूर होतात. अमेरिकेत अ‍ॅन केस आणि अँगस डीटन यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पदवीधर आणि पदवीहीन यांच्यातील हे अंतर केवळ वेतनात नव्हे, तर मृत्यूच्या प्रमाणातही वाढत गेल्याचे दाखविले. आणि त्यांच्या मांडणीत मध्येच शिक्षण सोडणारे पदवीहीनांतच मोडतात.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक कठोर होतो. सासरी गेल्यावर पुन्हा प्रवेश घेण्याची इच्छा बोलून दाखविणे हेच मोठे धाडस ठरते, आणि ते केलेच तर मुलांचे, वृद्धांचे व चुलीचे वेळापत्रक महाविद्यालयाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास महाविद्यालय काढताना ‘कमवा व शिका’ हा मार्ग धरला, तो विद्यार्थी मध्येच गळू नये म्हणून. गळालेल्यांसाठी नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघाले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने एका वर्षास प्रमाणपत्र, दोन वर्षांस पदविका आणि पुन्हा परत येण्याची मुभा दिली. परंतु नोकरभरतीच्या नियमांत त्या प्रमाणपत्रास स्थान मिळाल्याखेरीज आणि परतणाऱ्यास शुल्कात सवलत व सायंकाळचे वर्ग उपलब्ध झाल्याखेरीज ही मुभा कागदावरच राहील. म्हणून आपल्या तालुक्यातील प्रत्येक महाविद्यालयाने गेल्या दहा वर्षांत पटावरून कमी झालेल्यांची यादी काढावी आणि त्यांच्या घरी पत्र पाठवावे, अशी माझी संस्थाचालकांस विनंती आहे.