गाडी घेण्याआधी आठ दिवस किलोमीटर लिहा
(पालम येथे ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)



मागच्या महिन्यात एका गटात बॅटरीच्या स्कूटीसाठी 80 हजारांची कर्जमागणी आली. एक ताई म्हणाल्या, "पेट्रोल लागत नाही, हप्ता त्यातूनच निघतो." दुसऱ्या म्हणाल्या, "लाईट कुठं टिकती आपल्याकडं?" हिशोब मात्र कुणीच मांडला नाही. तो आज मांडू. वही काढा.

पेट्रोल आपल्याला महागच पडतं. राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून परभणीचं नाव 2018 आणि 2021 मध्ये बातम्यांत होतं. टँकर लांब मनमाडहून येतात, ते भाडं आपल्या दरात चढतं.

आता समजा, रोज 30 किलोमीटर, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 750 किलोमीटर. पेट्रोल 105 रुपये आणि स्कूटी लिटरला 45 देते असं धरलं, तर महिन्याला 1,750 रुपये. बॅटरीची गाडी तीन युनिटच्या बॅटरीवर खरोखर 90 किलोमीटर चालली आणि चार्जिंगमधली वाया जाणारी वीज धरली, तर साधारण 30 युनिट लागतील. युनिटला 10 रुपये धरा, 300 झाले. वाचले 1,450.

हप्ता किती? 80 हजार, तीन वर्षं, वर्षाला 12 टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे महिन्याला साधारण 2,650. वाचलेल्या पैशातून हप्ता निघत नाही, 1,200 घरातून घालावे लागतात. रोज 10 किलोमीटरच फिरणं असेल तर 500 सुद्धा वाचत नाहीत. रोज 60 किलोमीटर असेल, म्हणजे गंगाखेडला जाऊन-येऊन थोडं वर, तर हप्ता निघतो. बचत गाडीमुळे होत नाही, चालवलेल्या किलोमीटरमुळे होते.

नवीन गाडी घ्यायचीच असेल तर गोष्ट वेगळी. हप्ता पेट्रोलच्या गाडीलाही आहेच, मग बॅटरीची पुढे राहते. पण घरातली चांगली चालणारी गाडी विकून ही घेऊ नका.

तीन खर्च कुणी सांगत नाही. पहिला, लाईट बिल. 100 युनिटच्या आत दर कमी असतो, वर गेलं की पुढचं युनिट बरंच महाग. तुमचं बिल आज 80 युनिटचं असेल, तर गाडीची काही युनिटं महाग दरात बसतील. दुसरा, बॅटरी. वॉरंटी संपल्यावर बदलायची वेळ आली तर हजारोंचा आकडा असतो. महिन्याला 500 आधीपासून बाजूला टाका. तिसरा, दुरुस्ती. जवळचं सर्व्हिस सेंटर कुठं आहे? गाडी बंद पडली तर टेम्पोत घालून न्यायचा खर्च कुणाचा?

अनुदानाचंही तसंच. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली, तेव्हा दुचाकीला बॅटरीच्या दर युनिटमागे 5,000 रुपये होते. दुसऱ्या वर्षी ते 2,500 झाले. तोंडी सांगितलेलं धरू नका, बिलावर वजा झालेलं तेवढंच खरं.

"लायसन लागत नाही" म्हणून विकतात ती गाडी ताशी 25 किलोमीटरच्या वर जात नाही. गावात ठीक आहे, हायवेला नको.

चार्जिंगसाठी अर्थिंग असलेला जाड वायरचा पॉइंट वायरमनकडून करून घ्या. आणि घरात कापूस साठवलेला असतो त्या खोलीत गाडी कधीच चार्जिंगला लावू नका.

शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात मोठी वाटते. कर्ज बाईच्या नावावर, आरसी बुकावर दुसऱ्याचं नाव, आणि किल्ली पोराच्या खिशात, असं झालं तर हप्ता थकल्यावर नाव आपलंच खराब होतं, आणि सगळ्या गटाचं पुढचं कर्ज अडतं. हप्ता आपला, तर आरसी आपल्या नावावर आणि लायसनही आपलं. कुणाची वाट न बघता दवाखान्यात, बँकेत, बाजारात जाता येणं याचं मोल मी रुपयांत मांडलेलं नाही. पण ते किल्ली आपल्या हातात असेल तरच मिळतं.

म्हणून कर्जमागणी आली की गटानं त्या ताईंना एवढंच सांगावं: आठ दिवस रोज कुठं गेलात आणि किती किलोमीटर झाले ते लिहून आणा, सोबत लाईट बिल आणा. मग सगळ्या मिळून हिशोब करू.