राघूचं खातं
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



समितीने मला पाच मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला, ही त्यांची चूक. मी आमच्या राघूबद्दल बोलणार. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद असतानाही 'कृपया दरवाजा बंद कीजिए' ऐकू येतं, ते तोच म्हणतो. लिफ्टवाल्याला दोनदा विनाकारण खेप पडली, त्याबद्दल आज जाहीर माफी मागतो.

राघू आफ्रिकन ग्रे जातीचा. आपला हिरवा पोपट घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांनी लक्षात ठेवावं. आमचा परदेशी, परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवलेला. मुलाने हौसेने घेतला, पुढे तो नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि राघू आमच्याकडे राहिला.

मी बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस, म्हणून खर्चाची वही ठेवली. आम्हाला वाटलं होतं, पोपट म्हणजे पेरू, मिरची आणि भिजवलेली डाळ, संपलं! सूर्यफुलाच्या बिया तो आवडीने खातो, पण त्यात चरबी फार. नुसत्या त्याच दिल्या तर यकृत बिघडतं. म्हणून पेलेट्स आणि रोजची ताजी भाजी, फळं. लाकडी खेळण्यांचा महिन्याभरात भुगा होतो. पक्ष्यांचे डॉक्टर जवळपास नाहीत, त्यामुळे फीपेक्षा टॅक्सीचं भाडं जास्त. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी दगावतो, असं डॉक्टर म्हणाले. सौ.नी त्याच संध्याकाळी माळ्यावरचा लोखंडी तवा खाली काढला. सगळं मिळून महिन्याला दोन-अडीच हजार. पेन्शनमध्ये बसतं.

वहीत न बसणारा खर्च वेगळाच आहे. एकदा चार दिवस लग्नाला गेलो होतो. शेजाऱ्यांनी दाणापाणी अगदी वेळेवर केलं. परत आलो तर छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटलेली. तपासून डॉक्टर म्हणाले, आजार नाही, एकटेपणा आहे. तेव्हापासून आम्ही दोघं मिळून कुठेही मुक्कामाला गेलेलो नाही. जत्रेला एका वर्षी ती जाते, एका वर्षी मी. गेल्या वर्षी तिचा भाऊ वारला, तेव्हाही ती एकटीच गेली. ते मला अजून बोचतं.

आणि ही जात नीट सांभाळली तर चाळीस-पन्नास वर्षं जगते. राघू अकरा वर्षांचा, मी चौऱ्याहत्तरचा. आयुष्यभर खातेदारांच्या मागे लागून नॉमिनेशनचे फॉर्म भरून घेतले, इथे मात्र रकाना कोरा. मुलगा फोनवर म्हणतो, "बघू, बाबा."

सी विंगमधली एक आठवीतली मुलगी दर रविवारी येते. ती आली की राघू मान खाली घालून खाजवून घेतो. तिचे आईबाबा समोरच बसले आहेत, त्यांनी घाबरू नये, मी अजून काही विचारलेलं नाही. राघूसाठी एक आवर्ती ठेव मात्र सुरू केली आहे, म्हणजे पुढे जो कोणी सांभाळेल त्याच्या खिशाला भार नको. त्याची घाई नाही. सध्या कोणी संध्याकाळी तासभर त्याच्याजवळ येऊन बसायला लागलं, तर त्याची ओळख होईल. मार्चमध्ये आम्हाला दोघांना मिळून गावी जायचं आहे.