ङ ला काम मिळालं



अनुवादकांच्या संमेलनात अध्यक्षाने मानधनाचं रडगाणं गावं, अशी रीत आहे. ते आज मधल्या सुट्टीवर सोपवू. मला एका चुकीबद्दल बोलायचं आहे, आणि ती माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी केनियातल्या एका थोर लेखकावर लिहिलं. नाव इंग्रजी स्पेलिंगवरून जसंच्या तसं उतरवलं: 'एन्गुगी'. गिकुयू या त्यांच्या मातृभाषेत त्या नावाचा उच्चार 'ङ्गोगे'च्या जवळ जातो, हे नंतर कळलं. पुढे 'वा थिओङो'. यातला 'वा' म्हणजे आपला 'चा'. थिओङोचा ङ्गोगे! आपणही नावापुढे वडिलांचं नाव लावतो, फक्त 'चा' गिळतो. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची चालही गिकुयूंमध्ये आहे. इतकं ओळखीचं नाव मी लंडनमार्गे मागवलं होतं.

1938 साली जन्मलेला हा मुलगा बाप्तिस्म्यात 'जेम्स' झाला. 1964 साली पहिली कादंबरी आली तीही जेम्सच्याच नावावर. तिकडे दक्षिण आफ्रिकेत क्वुनूच्या शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी रोलिहलाहलाचा 'नेल्सन' केला. वडिलांनी ठेवलेल्या नावाचा अर्थ झाडाची फांदी ओढणारा, म्हणजे उपद्व्यापी. नेल्सनच का, हे मंडेलांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

जेम्सने पुढे ते नाव टाकलं. पण नुसती पाटी बदलून भागत नाही, हे काँगोचे हुकूमशहा मोबुटू यांनी दाखवून दिलं. अस्सलपणाचा डंका पिटत त्यांनी 1971 साली काँगोचं 'झाईर' केलं आणि पुढच्या वर्षी स्वतःचं नावही बदललं. गंमत अशी की 'झाईर' हा नदीला दिलेल्या स्थानिक शब्दाचा पोर्तुगीजांनी केलेला अपभ्रंश. देश मात्र होता तसाच लुटला जात राहिला.

याउलट नैरोबी. 1968 साली तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ङ्गोगे, ओवूर अन्यूम्बा आणि ताबान लो लियोंग या तिघांनी एक टिपण लिहिलं: इंग्रजी विभाग बंद करा. इंग्रजी वाङ्मय माजघरात आणि आफ्रिकेचं ओसरीवर, ही मांडणीच त्यांना मान्य नव्हती. विभागाचं नाव पुढे 'साहित्य विभाग' झालं. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की आजीच्या तोंडच्या गोष्टी, म्हणी, गाणी अभ्यासक्रमात आली. इंग्रजी पुस्तकं राहिली, फक्त यजमानपण गेलं.

खरी किंमत पुढे मोजावी लागली. 1977 साली ङ्गोगेंची सत्ताधाऱ्यांना झोडपणारी इंग्रजी कादंबरी आली, सरकारने ती पचवली. त्याच वर्षी कामिरिथू गावात शेतकरी-कामगारांना घेऊन त्यांनी गिकुयूत नाटक केलं. ते बंद पाडलं गेलं आणि वर्ष संपता संपता लेखक विनाचौकशी तुरुंगात. गोरे जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती! कामितीच्या त्या तुरुंगात त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली, शौचालयातल्या कागदावर. कैद्यांना बोचावा असा तो खरखरीत कागद. लेखणीला मात्र तो मानवला.

अशा माणसाचं नाव मी स्पेलिंगवरून लिहिलं होतं, आणि तेही ज्या लिपीत 'ङ' आहे त्या लिपीत. हे अक्षर आपण शाळेत घोकतो, मग जन्मभर 'वाङ्मया'पुरतं वापरतो. रोमन लिपीला या ध्वनीसाठी दोन-दोन अक्षरं जुंपावी लागतात, आपल्याकडे तो एका अक्षरात बसतो.

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत दुपारचं सत्र ङ्गोगेंवर आहे. 2025 च्या मे महिन्यात ते गेले. पत्रिका छापताना छापखान्यातून दोनदा फोन आला: "साहेब, 'ड'च्या बाजूला ठिपका पडलाय, काढू का?"

राहू द्या, म्हटलं.