खिशातला माळा

जुन्या घरांतून माळा असे. मोडका पाळणा, गळका हंडा, बिनकाट्याचे घड्याळ, असे सारे ‘कधीतरी लागेल’ म्हणून वर चढे. पण दिवाळीच्या झाडलोटीत वर्षातून एकदा तरी ते खाली उतरे आणि त्यातले निम्मे भंगारवाल्याकडे जाई. आज तसाच एक माळा प्रत्येकाच्या खिशात आहे. भेद इतकाच, की त्या माळ्याला दिवाळी माहीत नाही.

बेळगावला लागून असलेले शहापूर ही विणकरांची आणि सराफांची जुनी पेठ. १९४८ साली संस्थाने विलीन झाली तोवर ती सांगली संस्थानाच्या अमलाखाली होती. तेथील साडीला नाव आहे, आणि साडीचा व्यवहार हा मुळात डोळ्यांचा व्यवहार. पूर्वी गिऱ्हाईक खडेबाजारात येऊन घडी उलगडून पाही. आता पदराचे आणि काठाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवरून दूरगावी जाते, रंग पसंत होतो आणि पैसेही त्याच यंत्रावरून पोहोचतात. अशा वेळी ‘जागा शिल्लक नाही’ ही सूचना पडद्यावर उमटली, तर ती नुसती कटकट राहत नाही. नवे छायाचित्र उतरत नाही, मागणी खोळंबते, आणि घाईघाईने जे पुसले जाते त्यात नको त्याबरोबर हवे तेही जाते. खरे नुकसान या घाईत आहे.

ही जागा भरते कशाने? ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या अमेरिकन दैनिकाने २०१८ च्या जानेवारीत यावर एक वृत्त दिले होते. रोज सकाळी फुले, सूर्योदय आणि सुविचार असलेली ‘सुप्रभात’ची चित्रे पाठविण्याच्या भारतीयांच्या हौसेमुळे त्यांचे फोन तुंबतात, असे गूगलच्या संशोधकांना आढळले होते. भारतात दर तिघांपैकी एकाच्या फोनमधील जागा रोज संपते, तर अमेरिकेत दर दहांपैकी एकाची, असा वेस्टर्न डिजिटल या कंपनीचा आकडाही त्यात होता. सद्भावनेचेही ओझे होते, ते असे!

जागेचा हिशेब समजला तर उपाय सोपा होतो. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने चकत्यांवर माहिती साठविणारे पहिले यंत्र विक्रीस आणले. त्याचे वजन सुमारे एक टन, आणि त्यात मावत असे जेमतेम ५ मेगाबाइट मजकूर. आजच्या फोनने काढलेले एकच छायाचित्र तेवढी जागा सहज घेते. चित्रफीत तर त्याहून खादाड. चांगल्या प्रतीच्या एका मिनिटाला सुमारे ६० ते १३० मेगाबाइट लागतात. म्हणजे शिवजयंतीच्या चित्ररथांची दहा मिनिटांची चित्रफीत शेकडो छायाचित्रांची जागा अडवते. म्हणून एकेक चित्र पुसत बसण्यापेक्षा आधी मोठ्या चित्रफितींकडे वळावे.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये साठवणुकीचा विभाग आहे. तेथे ५ मेगाबाइटहून मोठ्या वस्तू आणि अनेकदा पुढे ढकललेल्या वस्तू वेगळ्या काढून दाखविल्या जातात. निवड तेथून सुरू करावी. आलेली प्रत्येक वस्तू आपोआप उतरवून घेण्याची सोय तेथेच बंद करता येते. मग जे पाहावेसे वाटेल तेवढेच उतरते. माळा रिकामा करण्याआधी जिन्याचे दार लावून घ्यावे, ते असे.

दुसरी जागा ‘कॅश’ची. ॲप आपल्या सोयीसाठी जो तात्पुरता साठा करते, त्याला हे नाव आहे. तो पुसला तर काही बिघडत नाही. लागेल तसा तो पुन्हा जमतो. परंतु त्याच्या शेजारीच ॲपचा सर्व ‘डेटा’ पुसण्याचे बटण असते. ते दाबले की त्या ॲपने फोनमध्ये ठेवलेले सारे जाते. ही दोन बटणे एक नव्हेत, हे ध्यानी ठेवावे.

तिसरी गोष्ट छायाचित्रांची. गूगल फोटोजमध्ये प्रत चढवून झाल्यावर ‘जागा मोकळी करा’ असे म्हटले, तर फोनमधील प्रत जाते आणि दूरची राहते. मात्र त्याच ॲपमध्ये एखादे छायाचित्र साध्या रीतीने पुसले, तर दोन्हीकडचे जाते. चूक झालीच, तर प्रत चढविलेले चित्र कचरापेटीत ६० दिवस राहते; तेवढ्या अवधीत ते परत आणता येते. ही दूरची कोठीही अमर्याद नाही. १ जून २०२१ पासून तेथील मोफत अमर्याद साठवण थांबली, आणि आता पत्रे, दस्तऐवज व छायाचित्रे मिळून १५ गिगाबाइट मोफत मिळतात. म्हणून मोलाच्या वस्तूंची आणखी एक प्रत संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर असणे शहाणपणाचे.

फोन काठोकाठ भरू न देण्यास आणखी एक कारण आहे. त्यातील स्मृतिपटलावर लिहिलेल्या जागी थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी तेथील एक अख्खा ठोकळा पुसावा लागतो. मोकळे ठोकळे नसले की ही हलवाहलव वाढते आणि यंत्र मंदावते. माग चालायचा तर विणकराच्या हातापायांनाही मोकळी जागा लागतेच.

काय टाकावे हे यंत्र सुचवू शकते. काय राखावे हे ते सांगू शकत नाही. त्याच्या लेखी आजोबांनी विणलेल्या शेवटच्या साडीचा पदर आणि कालचा सुविचार या सारख्याच मापाच्या दोन वस्तू. गेलेल्या माणसाचा अर्ध्या मिनिटाचा आवाज कोठेतरी शेकडो ध्वनिफितींत निनावी पडलेला असतो, आणि ‘सर्व निवडा’ म्हणणाऱ्या बोटाला तो ओळखता येत नाही. तेव्हा आधी राखावयाचे निवडावे, त्याला नाव द्यावे, दुसरीकडे प्रत ठेवावी, आणि मगच झाडू हाती घ्यावा. महिन्यातून अर्धा तास यासाठी काढला, तर पुढची अडचण गिऱ्हाईक खोळंबलेले असताना उभी राहणार नाही.