सोडचिठ्ठी कोणाच्या हाती?



रोनित एल्काबेट्झ आणि श्लोमी एल्काबेट्झ या बहीणभावांनी २०१४ मध्ये एक इस्रायली चित्रपट केला. त्याचे नाव 'गेट'. फाटकाशी या शब्दाचा काही संबंध नाही. ज्यू धर्मशास्त्रात पती पत्नीच्या हातात जी लेखी सोडचिठ्ठी ठेवतो, तिला हिब्रू भाषेत 'गेट' म्हणतात. व्हिव्हियान आमसालेम ही प्रौढ, चार मुलांची आई असलेली स्त्री ही सोडचिठ्ठी मागण्यासाठी धर्मन्यायालयात येते आणि तिचा खटला पाच वर्षे चालतो, एवढेच कथानक. जवळजवळ सारा चित्रपट न्यायालयाच्या एका खोलीत आणि बाहेरच्या प्रतीक्षाकक्षात घडतो. रस्ता नाही, बाजार नाही, घर नाही. मधूनमधून पडद्यावर अक्षरे उमटतात : इतके महिने उलटले, इतकी वर्षे उलटली. प्रारंभीची काही मिनिटे तर व्हिव्हियान दिसतच नाही. पुरुष तिच्याविषयी बोलत असतात आणि कॅमेरा त्या पुरुषांवरच असतो. पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना प्रेक्षकाला तिथेच येते.

या चित्रपटाचे सामर्थ्य त्याच्या पतीच्या चित्रणात आहे. एलिशा हा दारुडा नाही, बाहेरख्याली नाही, पत्नीवर हात टाकणारा नाही. प्रार्थनामंदिरात त्याला मान आहे. साक्षीदारांमागून साक्षीदार येतात आणि एलिशा किती सज्जन, किती धर्मनिष्ठ, हे सांगून जातात. आणि ते बहुतांशी खरेही असते. अशा पतीविरुद्ध तक्रार तरी कसली? व्हिव्हियानचे म्हणणे एवढेच की तिचे त्याच्यावर प्रेम नाही, दोघांचे जमत नाही आणि त्या घरात तिचा जीव गुदमरतो. एलिशाचे उत्तर त्याहूनही लहान आहे : नाही. खलनायक उभा करून टाळ्या मिळवणे सोपे होते. तो मोह दिग्दर्शकांनी टाळला, म्हणूनच दोष माणसाच्या स्वभावाचा नसून संस्थेच्या रचनेचा आहे हे प्रेक्षकाला लख्ख दिसते.

ही रचना नीट समजून घेतली पाहिजे. आपल्या नित्याच्या कल्पनेप्रमाणे घटस्फोट न्यायालय देते. ज्यू धर्मशास्त्रात तसे नाही. तिथे घटस्फोट पती देतो, न्यायालय केवळ त्यावर देखरेख करते. पतीने तो स्वेच्छेने दिला पाहिजे. बळजबरीने घेतलेली सोडचिठ्ठी अवैध ठरते. इसवी सन १००० च्या सुमारास ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातील रब्बी गेर्शोम यांच्या नावाने ओळखला जाणारा निर्बंध आला आणि पत्नीच्या संमतीवाचून तिला टाकण्यास बंदी झाली. तेव्हापासून संमती दोघांचीही लागते. वरवर पाहता ही समानताच. परंतु पत्नी अडून बसली तर शंभर रब्बींच्या अनुमतीने पतीला पुन्हा विवाह करता येतो. पती अडून बसला तर पत्नीला अशी कोणतीच वाट नाही. सोडचिठ्ठीवाचून तिने दुसरा संसार मांडला तर त्यातून झालेल्या मुलांवर 'ममझेर' असा शिक्का बसतो आणि ती मुले ज्यू समाजात जवळजवळ विवाहाला अपात्र ठरतात. पतीला दुसऱ्या अविवाहित स्त्रीपासून झालेल्या मुलावर मात्र असा डाग नाही. अडकून पडलेल्या अशा स्त्रीला 'अगुना' म्हणतात. नांगर टाकून जागच्या जागी खिळवलेल्या नावेची प्रतिमा या शब्दामागे आहे.

मग न्यायालय पतीवर सक्ती करूच शकत नाही काय? शकते, पण ठरावीक कारणांसाठी. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या मिश्ना या ग्रंथात अशा पतींची यादी आहे : अंगावर किळसवाणे फोड असलेला, तांबे वितळवणारा, कातडी कमावणारा, कुत्र्याची विष्ठा गोळा करणारा. म्हणजे पतीच्या धंद्याचा वास सहन होत नाही ही तक्रार शास्त्राला मान्य आहे. (त्या दुर्गंधीतच ज्यांची भाकरी होती, त्या कष्टकऱ्यांना काय वाटले असेल, हे कोणी नोंदवून ठेवलेले नाही.) परंतु नाकाला जो न्याय मिळाला तो मनाला मिळाला नाही.

येथे 'धर्मच तसा आहे' असे म्हणून विषय संपवणे चुकीचे ठरेल. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहिलेले महापंडित मायमोनिडीझ यांनी स्पष्ट निर्णय दिला होता की, हा पुरुष मला नकोसा आहे असे पत्नी म्हणत असेल तर त्याला सोडचिठ्ठी देणे भाग पाडावे, कारण ती काही युद्धात पकडून आणलेली बंदिवान नव्हे. सक्तीने दिलेली चिठ्ठी स्वेच्छेची कशी, या प्रश्नालाही त्यांच्याकडे उत्तर होते : धर्माज्ञा पाळावी हीच प्रत्येक धार्मिक माणसाची अंतरीची इच्छा असते, सक्ती केवळ तिच्यावरचे दुराग्रहाचे कवच फोडते. त्याच शतकात फ्रान्समधील रब्बेनू ताम यांनी याविरुद्ध मत दिले आणि पुढे त्यांचेच मत प्रभावी ठरले. परंपरेत दोन वाटा होत्या. त्यांतली अरुंद वाट माणसांनी निवडली.

आणि त्या वाटेवर शासनाचा पहारा बसवला तो विसाव्या शतकाने. समाजवाद्यांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग हाच. ऑटोमन साम्राज्यात विवाहाचे कायदे ज्या त्या धर्मसमाजाच्या हाती होते. ब्रिटिशांनी ती व्यवस्था चालू ठेवली. १९४८ मध्ये इस्रायलच्या स्थापनेच्या घोषणेत लिंगभेदरहित समान हक्कांचे वचन दिले गेले. राज्य मापाय या श्रमिकांच्या पक्षाकडे होते. कामगार संघटना बलाढ्य होत्या. किबुत्झच्या सामूहिक जीवनाचे भारतातील समाजवाद्यांनाही मोठे कौतुक होते. त्याच राजवटीत १९५१ मध्ये स्त्रियांच्या समान हक्कांचा कायदा झाला आणि त्यातून विवाह-घटस्फोट वगळले गेले. १९५३ मध्ये ज्यू नागरिकांचे विवाह व घटस्फोट सर्वस्वी रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवले गेले. त्या न्यायासनावर स्त्री बसू शकत नाही. संयुक्त मंत्रिमंडळात धार्मिक पक्ष हवे होते. त्यांची किंमत स्त्रियांनी चुकवली. धर्म न मानणाऱ्या स्त्रीलाही याच दारात उभे राहावे लागते, कारण दुसरे दार देशात नाही. पुष्कळ जोडपी विवाहासाठी सायप्रसला जातात, परंतु दोघेही ज्यू असतील तर फारकतीचा प्रश्न पुन्हा रब्बींपुढेच येतो.

या न्यायसंस्थेची झळ मराठी माणसांनाही एकदा लागली आहे. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपले शनवार तेली, १९४८ नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. शतकानुशतके त्यांच्यात शास्त्रोक्त 'गेट'ची रीत पाळली गेली होती की नाही, असा संशय काही रब्बींनी काढला. सोडचिठ्ठी शास्त्रशुद्ध नसेल तर पुनर्विवाह अवैध आणि संतती कलंकित, असा तो तर्क. १९६२ च्या आदेशाने त्यांच्या विवाहापूर्वी कुळाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी होऊ लागली. अलिबाग-पेणच्या आज्यांची लग्ने जेरुसलेममध्ये तपासली जाऊ लागली! लोकांनी धरणी धरली. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि त्या आदेशातून त्यांचे नाव वगळण्यात आले. समाज संघटित होता म्हणून हे घडले. व्हिव्हियानसारखी स्त्री त्या बाकावर एकटीच बसलेली असते.

१९९५ च्या कायद्याने हट्टी पतीचे पारपत्र, वाहन-परवाना, बँकेतील खाते रोखण्याचा, प्रसंगी त्याला तुरुंगात धाडण्याचा अधिकार या न्यायालयांना मिळाला. पण त्याआधी निवाडा हवा, आणि धर्मन्यायाधीश तो देण्यास कचरतात. शिवाय तुरुंगही हरतो : एक इसम तीन दशकांहून अधिक काळ कोठडीत राहून तिथेच मेला, पण चिठ्ठी दिली नाही.

चित्रपटात एकदा एलिशा तयार होतो. विधी सुरू होतो. 'तू आता कोणाही पुरुषास मोकळी आहेस' हे शब्द त्याला उच्चारायचे असतात. ते त्याच्या ओठांवर येत नाहीत. सारे पुन्हा मुळाशी. अखेरीस बाहेर, एकांतात, तो आपली अट सांगतो : यापुढे दुसऱ्या कोणत्याही पुरुषाशी संबंध ठेवणार नाही असे वचन दे. ती देते. पाच वर्षांच्या झगड्यानंतर मिळालेले स्वातंत्र्य ते मिळण्याच्या क्षणीच गहाण पडते, आणि न्यायाधीशांना त्याचा पत्ताही लागत नाही. रोनित एल्काबेट्झ यांनीच ही भूमिका केली आहे. त्या क्षणीचा त्यांचा चेहरा कोणत्याही कायद्याच्या पुस्तकाहून अधिक सांगतो.

२०१५ मध्ये इस्रायलमधील धर्मन्यायाधीशांच्या वार्षिक परिषदेत हा चित्रपट दाखवण्यात आला. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, रोनित एल्काबेट्झ कर्करोगाने वारल्या. त्यांचे वय ५१ होते. १९५३ चा कायदा अजून जागेवर आहे.