लाज एकट्याची नाही

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर, आयातीवर आणि कर्जावर माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. ते बरोबरच आहे, मी पुन्हा सांगत नाही. मला आज एक अशी गोष्ट सांगायची आहे, जी मी इतक्या वर्षांत कुठल्याच सभेत सांगितली नाही. सरकारविरुद्ध बोलणं सोपं असतं. आज मला स्वतःविरुद्ध बोलायचं आहे.

२०११ साली आमच्या गावात एका शेतकऱ्यानं आत्महत्या केली. त्याचं नाव सांगत नाही, त्याची मुलं आज कर्ती झाली आहेत. सहा एकर कोरडवाहू जमीन, त्यात कपाशी, ज्वारी आणि तुरीच्या काही ओळी. त्याचा आणि माझा बांध एकच. त्याची बैलजोडी अडली की माझी जायची, माझी अडली की त्याची यायची.

पुढं चौकशी झाली. तुम्हाला ही पद्धत माहीत आहे. तहसीलचा माणूस येतो, पोलीस येतात, कृषी खात्याचा येतो. पारावर चार लोकांना विचारतात. मी तेव्हा गावात थोडा पुढारी होतो, म्हणून मला आधी विचारलं. मी सांगितलं, "प्यायचा हो तो. घरात कटकट होती." खाली सही केली आणि घरी जाऊन जेवलो.

मी खोटं बोललो नव्हतो. तो प्यायचा. पण सोसायटीचं नवं-जुनं होत नव्हतं, कृषी केंद्राची उधारी दोन हंगामांची थकली होती, मुलीचं लग्न ठरून मोडलं होतं, आणि दारू त्यानंतर सुरू झाली होती, हे मला ठाऊक होतं. ते मी सांगितलं नाही. मला कोणी विचारलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो.

२००५ च्या डिसेंबरपासून आपल्या राज्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये मदत ठरली. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पण त्याला अटी. जमीन नावावर किंवा कुटुंबाच्या नावावर पाहिजे. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं पाहिजे. आत्महत्या त्या कर्जाच्या परतफेडीच्या तगाद्यानं झालेली पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांची समिती कागद पाहते आणि शेरा मारते, पात्र किंवा अपात्र. माणूस मेल्यावरही परीक्षा देतो आणि नापास होतो. माणसाच्या जिवावर येणाऱ्या गोष्टी दहा असतात, एकीत एक गुंतलेल्या. पण कागदाच्या रकान्यात एकच कारण मावतं. त्या रकान्यात "व्यसन" गेलं, कारण ते मी सांगितलं. घर अपात्र ठरलं.

मी असं का बोललो? त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्याच्याशी माझं वैर नव्हतं. मला भीती वाटत होती. तो दारुड्या म्हणून मेला असेल, तर मी पीत नाही, म्हणजे माझ्यावर ती पाळी येणार नाही. तो कपाशीनं आणि कर्जानं मेला असेल, तर माझ्याकडेही कपाशी होती आणि कर्जही होतं. आपण गावात मेलेल्या माणसाचा दोष शोधतो, तो बहुतेक वेळा आपलीच भीती झाकायला. कोणी म्हणतं खर्चिक होता. कोणी म्हणतं बायको चांगली नव्हती. कोणी म्हणतं मदतीसाठी केलं. हे बोलणारा माणूस त्याच सोसायटीचा थकबाकीदार असतो.

आता पुढचं ऐका. २०१७ साल. त्या साली कपाशी कशी दिसत होती आठवते ना? बाहेरून बोंडं टरारलेली, फोडलं की आत गुलाबी अळी. विदर्भात, मराठवाड्यात शेतंच्या शेतं नांगरून टाकली लोकांनी. त्याच वर्षी दीड लाखाची कर्जमाफी जाहीर झाली. माझी थकबाकी दीड लाखाच्या वर होती. म्हणजे वरची रक्कम आधी भरा, मग माफी. वरची रक्कम भरायला असती तर थकलो कशाला असतो? २००८ च्या माफीच्या वेळीही असंच झालं होतं. पाच एकरांच्या आतल्याला पूर्ण माफी, माझी नऊ एकर, म्हणून मी मोठा शेतकरी! पाणी नसलेली नऊ एकर माणसाला किती मोठं करते, ते इथं बसलेल्यांना सांगायला नको.

त्या दिवाळीपासून मी गावात तोंड चुकवू लागलो. कृषी केंद्र रस्त्यावर, म्हणून मी मागच्या पांदणीनं जायचो. एक बैल विकला तर लोकांना सांगितलं, सासुरवाडीला कामाला दिला. सोयऱ्यांकडं लग्न होतं, पाठीत दुखतं म्हणून गेलो नाही. रात्री दोनला जाग यायची ती उजाडेपर्यंत. भाकरी तोंडात फिरायची. बायकोनं विचारलं की म्हणायचो, काही नाही, ॲसिडिटी आहे. आपल्या जगण्यात आता काही अर्थ नाही, आपण घरावर ओझं आहोत, असे विचार यायचे. ते कोणाला सांगायचे? जो माणूस दुसऱ्याबद्दल पारावर निकाल देऊन आला, त्याला आपला निकाल काय लागणार हे आधीच माहीत असतं.

भावांनो, या चळवळीत आपण रस्ते अडवले, रेल्वे अडवली, तुरुंगात गेलो. तेव्हा कोणाला लाज वाटली? उलट सुटून आल्यावर गावात मिरवणूक निघाली. कर्ज तेच होतं, थकबाकी तीच होती. पण रस्त्यावर ती सगळ्यांची होती, म्हणून ती मागणी झाली. घरी आल्यावर, दार लावल्यावर, ती एकट्याची झाली आणि तिची लाज झाली. मला आज सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाकीचं त्याचंच स्पष्टीकरण समजा.

डिसेंबरात कापसाची वेचणी चालू होती, जो काही हाती लागला त्या कापसाची. त्या मेलेल्या शेतकऱ्याची बायको माझ्या शेतात मजुरीनं वेचायला येत होती. संध्याकाळी काट्यावर मोजणी चालली होती. मी एरवी पाव किलोसाठी वाद घालणारा माणूस. त्या दिवशी काट्याकडं पाहिलंच नाही. तिनं सांगितलं तेवढं लिहिलं आणि धुऱ्यावर जाऊन बसलो. ती रात्री आमच्या घरी आली आणि माझ्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाली, "वयनी, भाऊले एकटं सोडू नोका. आमच्या घरचे बी आखरीले असेच बसत."

ज्या घराला मी अपात्र केलं, त्या घरानं मला ओळखलं. दुसऱ्या कोणालाच ओळखू आलं नव्हतं.

त्या रात्री बायकोनं मला काही समजावलं नाही. नुसती जवळ बसून राहिली. मग सरळ विचारलं, "मरायचे विचार येतात का?" मी बराच वेळ गप्प होतो. मग हो म्हणालो. असं विचारलं तर माणसाच्या डोक्यात नसलेलं येईल, अशी आपली समजूत आहे. ती चुकीची आहे. विचारल्यावर माझ्या छातीवरचा दगड हलला. दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. आम्ही तिघांनी कागदावर सगळं देणं लिहून काढलं. रात्री मनात मोजलं की कर्ज वाढत जातं, कागदावर मांडलं की जेवढं आहे तेवढंच राहतं. मग जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी सांगितलं, याला नैराश्य म्हणतात, हा आजार आहे, याला औषध आहे. काही महिने गोळ्या घेतल्या. झोप आली, भूक आली. कर्ज गेलं नाही, ते फेडायला पुढं चार वर्षं लागली आणि एक एकर विकावं लागलं. पण फेडायला मी होतो.

कोणी म्हणेल, गोळ्यांनी कापसाला भाव मिळतो का? नाही मिळत. धोरणाचा रोग गोळीनं बरा होत नाही, आणि सरकार आपल्याला वेडं ठरवून भावाचा प्रश्न टाळू पाहील, तर आपण ते होऊ देणार नाही. पण पायात काटा मोडला तर रस्ता वाईट आहे म्हणून काटा तसाच ठेवता का? काटाही काढायचा, रस्त्यासाठीही भांडायचं.

हे नुसतं माझ्या अनुभवावर सांगत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत काही वर्षांपूर्वी 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. गावातलीच माणसं शिकवून तयार केली. ती घरोघर जाऊन बोलत, सभा घेत, गरज पडली तर डॉक्टरपर्यंत नेत. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले चारच जण कोणाकडं तरी उपचाराला गेले होते. दीड वर्षानं ते शंभरात सत्तावीस झाले. आत्महत्येचा विचार आल्याचं सांगणारे शंभरात पाच होते, ते अडीचवर आले. शहरातून मोठा दवाखाना उचलून आणला नव्हता. गावात बोलायला जागा झाली होती.

आता काय करायचं ते सांगतो.

एक. एखादा माणूस अचानक गप्प झाला, लग्नाकार्याला येईनासा झाला, हिशेबात लक्ष देईनासा झाला, जनावरं आणि वस्तू वाटून टाकू लागला, तर त्याच्या घरी जा. उपदेश करू नका, तुलना करू नका, बसा आणि ऐका. शंका आली तर सरळ विचारा, आणि त्याला एकटं ठेवू नका.

दोन. फवारणीची औषधं घरात ठेवू नका. वस्तीपासून दूर, कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडं द्या. वाईट घटका येते तशी निघूनही जाते. ती निघून जाईपर्यंत माणूस वाचला पाहिजे. श्रीलंकेत १९९५ नंतर सर्वांत जहाल औषधांवर एकामागून एक बंदी आली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. पीक घटलं नाही.

तीन. १४४१६ हा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. टेलिमानस म्हणून २०२२ साली सरकारनं सुरू केलेली सेवा आहे. रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी करा, दुसऱ्यासाठीही करा.

चार. पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. पूर्वी वाचलेल्या माणसावर गुन्हा होत असे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं ठरवलं आणि उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली. २०२४ च्या जुलैत नवी न्यायसंहिता लागू झाली, तिच्यात ते जुनं कलम नाही.

पाच. पारावर चौकशी आली, तर पूर्ण सांगा. माझ्यासारखं अर्धं सांगू नका. आणि मागं राहिलेल्या बाईच्या नावावर सातबारा चढवायला तिच्याबरोबर तलाठ्याकडं जा. शेतात तीही राबते, पण जमीन नावावर नाही म्हणून कित्येकदा कागदावर ती शेतकरी नसते, जिवंतपणीही आणि मेल्यावरही. तिला हळदीकुंकवाला बोलवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका ग्रामपंचायतीला जमलं ते आपल्याला जमणार नाही का?

शेवटचं सांगतो. बरा झाल्यावर मी तहसीलला जाऊन माझा जबाब बदलायचा आहे म्हणून अर्ज दिला. प्रकरण बंद झालं आहे, असं उत्तर मिळालं. ती मदत त्या घराला मिळाली नाही. मग मी त्या बाईच्या दारात गेलो, काय बोललो होतो ते सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तिला ते पहिल्यापासून माहीत होतं. ती म्हणाली, "मले काय सांगता भाऊ. ज्या लोकाईपुढं बोलले, त्याईपुढं सांगा."

मला त्याला इतकी वर्षं लागली. आज सांगितलं.

तिचा नवरा दारूनं मेला नाही. तो आपल्यासारखाच शेतकरी होता आणि एकटा पडला होता. भावाची लढाई लांबची आहे, ती आपण सोडणार नाही. पण लढायला माणसं जिवंत लागतात. आज घरी जाताना, बरेच दिवस पारावर न दिसलेल्या एकाच्या दारावर थाप मारून जा.